अन्नप्रक्रिया धोरण आणि भिवंडीची गोदामे

भिवंडीचे नाव घेतले की अजूनही प्रथम यंत्रमागाचा खडखडाट आठवतो. परंतु ठाण्याहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गाने मानकोलीचा फाटा गाठला की निराळीच भिवंडी दिसू लागते. मानकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णा, वळ, काल्हेर, कोपर अशा गावांच्या शिवारांत, जेथे एके काळी भाताची खाचरे होती तेथे, गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. बिस्किटे, खाद्यतेल, शेवया, फळांचे रस, मसाले, लहान मुलांचे खाद्य असा मुंबई महानगराला लागणाऱ्या पाकीटबंद अन्नाचा मोठा साठा येथे उतरतो आणि येथूनच दुकानांत व घराघरांत जातो.

देशात अन्नप्रक्रिया उद्योग वाढावा यासाठी केंद्र आणि राज्य सरकारे साडेतीन दशकांहून अधिक काळ धोरणे आखत आहेत. अनुदाने, करसवलती, फूड पार्क, शीतसाखळ्या असे अनेक उपाय योजून झाले. भिवंडीच्या गोदामांना मात्र यांपैकी कोणत्याही योजनेने जन्म दिलेला नाही. तरीही प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या देशव्यापी प्रवासात भिवंडी हा महत्त्वाचा टप्पा बनला. याच तालुक्यातील शेतकरी मात्र आजही प्रामुख्याने भातच पिकवतो आणि बहुतेक वेळा ते भात म्हणूनच विकतो. प्रक्रिया केलेले अन्न शिवारात साठते, पण शिवारातल्या अन्नावरील प्रक्रियेचा लाभ शिवारात राहत नाही. ही विसंगती कशी निर्माण झाली हे समजून घेतले, तर अन्नप्रक्रियेच्या सरकारी धोरणाचे बळ कशात आहे आणि उणीव कशात, हेही स्पष्ट होईल.

धोरणाचा प्रवास

स्वातंत्र्यानंतरची चार दशके अन्नप्रक्रिया हा सरकारच्या दृष्टीने स्वतंत्र विषय नव्हता. संशोधनासाठी म्हैसूर येथे १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. १९५५ च्या फळ उत्पादने आदेशाने मुरंबे, सरबते, लोणची यांच्या कारखान्यांना परवाना बंधनकारक केला. लोणची, पाव, शेंगदाण्याचे तेल अशी काही उत्पादने दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होती. हे आरक्षण थेट एप्रिल २०१५ मध्ये संपले. लहान उद्योगाला संरक्षण मिळावे हा त्यामागील हेतू होता. पण त्याच बंधनामुळे लहान उद्योगाला मोठे होण्याचीही वाट उरली नाही.

जुलै १९८८ मध्ये केंद्रात अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले. १९९१ च्या उदारीकरणानंतर मद्य आणि राखीव उत्पादने वगळता या क्षेत्रातील परवाना पद्धती जवळजवळ संपुष्टात आली. २००१-०२ च्या अर्थसंकल्पात फळे व भाजीपाल्याच्या प्रक्रियायुक्त उत्पादनांना उत्पादन शुल्कातून सूट देण्यात आली. २००४ नंतर फळे व भाजीपाला यांवर प्रक्रिया करणाऱ्या नव्या उद्योगांना पहिली पाच वर्षे नफ्यावर पूर्ण प्राप्तिकर सवलत मिळू लागली.

२००५ साली सरकारने दहा वर्षांचे उद्दिष्ट जाहीर केले. नाशवंत मालावरील प्रक्रियेचे प्रमाण ६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर, मूल्यवर्धन २० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आणि जागतिक अन्नव्यापारातील भारताचा वाटा ३ टक्क्यांवर न्यावयाचा, असे ते उद्दिष्ट होते. २०१५ साल उलटले तेव्हा यांतील प्रक्रियेचे उद्दिष्ट निम्म्याच्या आसपासच रेंगाळले होते.

मधल्या काळात २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला आणि वेगवेगळ्या आदेशांची जागा एका कायद्याने घेतली. २००८ मध्ये मेगा फूड पार्क योजना आली. शेताजवळ संकलन केंद्र, त्यापुढे प्राथमिक प्रक्रिया केंद्र आणि शेवटी किमान ५० एकरांवरचे मध्यवर्ती संकुल, अशी तिची रचना होती. प्रत्येक संकुलाला ५० कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळणार होते. देशभरात ४२ संकुले उभारण्याचे ठरले. महाराष्ट्रात सातारा आणि पैठण येथील संकुले सुरू झाली. परंतु २०२१ मध्ये केंद्राने ही योजना नव्या प्रस्तावांसाठी बंद केली, तेव्हा देशभरातील नियोजित संकुलांपैकी सुमारे निम्मीच कार्यरत होती. जमीन मिळवण्यातील विलंब, बँककर्जाच्या अडचणी आणि संकुल उभे राहिल्यावरही त्यात उद्योग न येणे ही त्यामागची प्रमुख कारणे होती.

त्यानंतरच्या तीन योजना आज या धोरणाचा कणा मानल्या जातात. २०१७ ची प्रधानमंत्री किसान संपदा योजना ही शीतसाखळी, साठवण, प्रयोगशाळा आणि प्रक्रिया समूहांसाठी आहे. जुलै २०२५ मध्ये तिची तरतूद ६,५२० कोटी रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. जून २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना १०,००० कोटी रुपयांची आहे. मार्च २०२१ मध्ये मंजूर झालेली उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना १०,९०० कोटी रुपयांची असून ती मोठ्या कंपन्यांच्या वाढत्या विक्रीवर प्रोत्साहन देते. यांपैकी शेवटच्या दोन योजनांची तरतूद साधारण सारखीच आहे. मात्र एक रक्कम निवडक कंपन्यांसाठी, तर दुसरी दोन लाख लहान उद्योगांसाठी आहे, ही बाब लक्षात ठेवली पाहिजे.

गोदामे भिवंडीतच का आली?

या साऱ्या योजनांच्या यादीत भिवंडीचे नाव कोठेही नाही. मग येथे गोदामे का उभी राहिली? त्याचे पहिले कारण आहे जकात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावरच जकात भरावी लागे. एखाद्या कंपनीने आपला साठा मुंबईत ठेवला, तर त्यातला जो माल पुढे पुण्याला किंवा सुरतेला जाणार असेल त्यावरही आधी जकात भरणे आणि नंतर परताव्यासाठी खेटे घालणे आले. त्यापेक्षा मुलुंडच्या नाक्याबाहेर, पण मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर माल ठेवावा आणि लागेल तेवढाच आत न्यावा, हा सरळ व्यापारी हिशेब होता. भिवंडीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींची हद्द त्यासाठी सोयीची ठरली. तेथे जकात नव्हती, जमीन स्वस्त होती आणि बांधकामावरील नियंत्रणही सैल होते.

दुसरे कारण आहे रस्ते. नाशिक, आग्रा आणि अहमदाबादकडे जाणारी वाहतूक, ठाणे व कल्याणचे रस्ते आणि उरणजवळील न्हावा शेवा बंदराचा मार्ग यांच्या सांध्यावर भिवंडी आहे. तिसरे कारण म्हणजे केंद्रीय विक्रीकर. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केली की हा कर लागे. त्यामुळे प्रत्येक कंपनी राज्याराज्यांत आपला स्वतंत्र साठा ठेवी आणि महाराष्ट्रातील साठ्यासाठी बहुधा भिवंडी निवडी.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात इतिहासजमा झाली. जकात गेली की भिवंडीचे महत्त्व संपेल, असा अंदाज काहींनी बांधला होता. प्रत्यक्षात उलटे घडले. राज्याराज्यांत विखुरलेले छोटे साठे ठेवण्याची गरज संपल्याने कंपन्यांनी मोजक्या ठिकाणी मोठी गोदामे घेण्यास सुरुवात केली आणि त्यात भिवंडीला पुन्हा पसंती मिळाली. ऑनलाइन खरेदीच्या लाटेने त्यात भर घातली. २०२० च्या टाळेबंदीत मध्य रेल्वेने भिवंडी रोड स्थानकातून पार्सल गाड्या सोडण्यास प्रारंभ केला, तोही याच साठ्यामुळे.

यातून एक बोध निघतो. उद्योग कोठे जाईल हे ठरवताना अनुदानाच्या टक्केवारीपेक्षा कराची सीमा, रस्ता आणि बाजारपेठेचे अंतर यांचे वजन अधिक असते. साताऱ्यात किंवा पैठणला सरकारला अनुदान देऊन जे उभारावे लागले, त्यातील साठवणुकीचा भाग भिवंडीत अनुदानाविना उभा राहिला. परंतु हा बोध अर्धाच आहे. बाजाराने येथे उभारली ती साठवण, आणि साठवण म्हणजे प्रक्रिया नव्हे.

साठवण आणि प्रक्रिया यांतील अंतर

गोदामाला छप्पर, रस्ता आणि हमाल पुरतात. प्रक्रिया उद्योगाला त्याखेरीज स्वच्छ पाणी, अखंड वीज, सांडपाणी शुद्धीकरणाची व्यवस्था, तपासणीची प्रयोगशाळा आणि परवाना लागतो. गोदाम आज उभारून उद्या भाड्याने देता येते. प्रक्रिया उद्योगाला कच्चा माल, कारागीर आणि ग्राहक जुळवण्यात काही वर्षे जातात. म्हणूनच ज्याच्याकडे महामार्गालगत जमीन आहे, त्याला गोदामाचे भाडे हा सर्वात निर्धोक मार्ग वाटतो. त्यात त्याचा दोष नाही. येथील अनेक कुटुंबांना या भाड्याने स्थैर्य दिले आणि हजारो जणांना रोजगार मिळाला, हेही मान्य केले पाहिजे.

पण या रोजगाराचे स्वरूप पाहावे लागेल. माल उतरवणे, चढवणे, मोजणे, पाकिटांवर चिठ्ठ्या लावणे ही कामे अंगमेहनतीची आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात अशा कामगारांना संरक्षण दिले. परंतु कंत्राटदारामार्फत येणाऱ्या, परप्रांतांतून आलेल्या मजुरांपर्यंत ते नेहमीच पोहोचते असे नाही. बांधकामांबाबतची ढिलाई किती महाग पडते, हे २९ एप्रिल २०२३ रोजी दिसले. वळ गावाच्या हद्दीत गोदाम असलेली इमारत कोसळली आणि आठ जणांना प्राण गमवावे लागले. खालच्या भागात गोदाम आणि वर राहती कुटुंबे, अशी ती इमारत होती. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण या परिसराचे नियोजन प्राधिकरण आहे. तरीही नियोजनापेक्षा बांधकामाचा वेग अधिक राहिला.

अन्नाच्या दृष्टीनेही गोदामाचा दर्जा हा गौण प्रश्न नाही. अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार अन्न साठवणाऱ्या प्रत्येक जागेला परवाना अथवा नोंदणी लागते. कारखान्यात कितीही काटेकोरपणे तयार केलेले अन्न तापलेल्या पत्र्याखाली, ओल आलेल्या भिंतीलगत किंवा रसायनांच्या पिंपांशेजारी महिनाभर राहिले, तर कारखान्यातील सारी दक्षता वाया जाते.

भाताच्या शंभर किलोंचा हिशेब

प्रक्रियेचे मूल्य नेमके कोठे निर्माण होते, हे समजण्यासाठी भिवंडी तालुक्यातीलच पीक घेऊ. शंभर किलो भात गिरणीत घातले की त्यातून काय निघते? सरकारी खरेदीतील भरडाईसाठी साध्या तांदळाचा उतारा ६७ टक्के धरला जातो. म्हणजे ६७ किलो तांदूळ. उरलेल्यात सुमारे २० ते २२ किलो तूस आणि ५ ते ८ किलो कोंडा असतो. बाकी धूळ, काडीकचरा व घट.

आता गिरणीचा फरक पाहू. जुन्या पद्धतीच्या हलर गिरणीत भात एकाच यंत्रात घासले जाते. त्यात कणीचे प्रमाण वाढते आणि तूस व कोंडा एकत्र मिसळून बाहेर पडतात. हे मिश्रण गुरांना घालण्यापलीकडे फारसे कामाचे राहत नाही. रबरी रोल असलेल्या सुधारित गिरणीत आधी तूस वेगळे होते, मग तांदूळ पॉलिश होतो आणि कोंडा स्वतंत्र मिळतो. या कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असते. आपला देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, हे ध्यानात घेतले तर या तेलाचे मोल कळते.

मात्र कोंड्याला एक खोड आहे. तांदळापासून वेगळा झाल्याबरोबर त्यातील विकर तेलाचे विघटन सुरू करतात आणि काही तासांतच कोंडा खवट होऊ लागतो. त्याला तातडीने उष्णता देऊन स्थिर करावे लागते किंवा त्याच दिवशी तेल काढणाऱ्या कारखान्यात पोहोचवावे लागते. दिवसाला काही पोती भरडणाऱ्या एकट्या गिरणीला हे परवडत नाही. दहा-वीस गिरण्यांचा कोंडा रोज एकत्र करणारी व्यवस्था असेल, तरच ते शक्य होते. तुसाचेही तसेच. बॉयलरचे इंधन म्हणून त्याला गिऱ्हाईक असते, पण गाडीभर तूस एका ठिकाणी जमले तरच. कणीपासून पीठ, भातापासून पोहे व कुरमुरे, उकडा तांदूळ ही पुढची उत्पादनेही याच मार्गाने येतात.

म्हणजे प्रक्रियेतील लाभ केवळ यंत्रात नसतो. तो लहान लहान उत्पादन एकत्र करण्यात, वेळेवर हलवण्यात आणि प्रत्येक उपउत्पादनाला गिऱ्हाईक मिळवून देण्यात असतो. शेतकरी जेव्हा मळणी होताच भात विकतो, तेव्हा तो केवळ तांदळाचा नफा सोडत नाही. तूस, कोंडा, कणी आणि थांबण्याची संधी हे सारे तो एकाच सौद्यात देऊन टाकतो.

भाताला नाव मिळाले तर काय होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. वाड्याच्या कोळम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या नावाला मुंबईत पूर्वीपासून मान आहे. परंतु नाव टिकवायचे तर तांदूळ कोठे पिकला, कोठे भरडला आणि कोणी पाकिटात भरला याची साखळी सांगता आली पाहिजे. ती नसेल तर कोणत्याही बारीक तांदळाच्या पिशवीवर हे नाव छापले जाण्यास वेळ लागत नाही.

लहान उद्योग आणि अनुदानाची वाट

देशात सुमारे २५ लाख असंघटित अन्नप्रक्रिया उद्योग आहेत. त्यांतील दोन तृतीयांश ग्रामीण भागात, आणि सुमारे ८० टक्के कुटुंबाच्या श्रमावर चालणारे. अन्नप्रक्रियेतील एकूण रोजगारापैकी जवळपास तीन चतुर्थांश रोजगार याच क्षेत्रात आहे. गावची भातगिरणी, पापड-लोणच्यांचा बचत गट, मसाला कांडप, फरसाणाची भट्टी ही सारी यात येतात. २०२० च्या सूक्ष्म उद्योग योजनेने प्रथमच या वर्गाकडे सरळ पाहिले. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आणि बचत गटातील प्रत्येक सदस्यामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल, असे तिचे स्वरूप ठरले.

योजना चांगली आहे. पण तिच्या वाटेत दोन अडथळे आहेत. पहिला अडथळा बँकेचा. हे अनुदान कर्जाशी जोडलेले आहे, म्हणजे बँकेने कर्ज मंजूर केल्याखेरीज अनुदान नाही. ज्याच्या व्यवहाराची लेखी नोंद नाही, ज्याची जागा सामाईक किंवा भाड्याची आहे, त्याचे प्रकरण बँकेच्या दारातच अडते. योजना ज्याच्यासाठी आखली, तोच या कसोटीत सर्वात दुबळा ठरतो.

दुसरा अडथळा जिल्ह्याच्या सीमेचा. 'एक जिल्हा एक उत्पादन' या तत्त्वावर योजनेची उभारणी झाली. नाशिकला कांदा, जळगावला केळी, रत्नागिरीला आंबा. सामाईक यंत्रे, प्रशिक्षण आणि एकत्रित विक्री यांसाठी ही कल्पना उपयुक्त आहे. पण पिके जिल्ह्याच्या सीमा मानत नाहीत. भिवंडी आणि वाडा हे तालुके २०१४ पर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यावर भात पिकवणारा वाडा एका जिल्ह्यात आणि गोदामे, महामार्ग व मुंबईची वाट असलेली भिवंडी दुसऱ्या जिल्ह्यात, अशी विभागणी झाली. भाताच्या साखळीसाठी हे दोन्ही तालुके एकच क्षेत्र आहेत. नियोजनाने त्यांचा एकत्र विचार करावयास हवा.

मालकीचा प्रश्न

महाराष्ट्राला अन्नप्रक्रियेचा अनुभव नवा नाही. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना हा प्रक्रिया उद्योगच होता. सरकारने भागभांडवल आणि कर्जाची हमी दिली; पण कारखान्याचा मालक ऊस पिकवणारा सभासद राहिला. पुढे या चळवळीत राजकारण, गैरव्यवस्थापन आणि पाण्याचा अतिवापर हे दोष शिरले, हे खरे. तरीही प्रक्रियेतील नफ्यावर पिकवणाऱ्याचा हक्क असू शकतो, हे तिनेच प्रथम सिद्ध केले.

मुंबईत १९५९ साली गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्यास सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. १९६६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता व खेळते भांडवल दिले. तेथेही लाटणारी स्त्री ही मजूर नसून भागीदार होती. अलीकडच्या काळात नाशिक जिल्ह्यातील सह्याद्री या शेतकरी उत्पादक कंपनीने द्राक्षांच्या निर्यातीपासून टोमॅटोच्या प्रक्रियेपर्यंत मजल मारली आहे.

या तिन्ही उदाहरणांत सरकारची मदत वेगवेगळ्या स्वरूपाची आहे, पण एक गोष्ट समान आहे. कच्चा माल किंवा श्रम पुरवणाऱ्यांना प्रक्रियेच्या पुढील नफ्यात वाटा मिळाला. आपल्या सरकारी धोरणात हाच मुद्दा सर्वात कमी मोजला जातो. किती कोटींची गुंतवणूक झाली, किती टन क्षमता निर्माण झाली, किती प्रकल्प पूर्ण झाले, याची आकडेवारी संसदेत नियमाने दिली जाते. ग्राहकाने मोजलेल्या रुपयातील किती पैसे शेतकऱ्याच्या हाती राहिले, ही नोंद मात्र प्रकल्पाच्या यशाची कसोटी मानली जात नाही.

नासाडीचा दुसरा अर्थ

अन्नप्रक्रियेच्या समर्थनार्थ नासाडीचा युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो रास्त आहे. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ मधील अभ्यासानुसार धान्यांची हानी साधारण ४.६ ते ६ टक्के, तर फळांची ६.७ ते १५.९ टक्के होती. एकूण हानीचे मूल्य २०१४ च्या किमतींनुसार ९२ हजार कोटी रुपयांहून अधिक होते. २०२२ च्या पुढील अभ्यासात हा आकडा सुमारे दीड लाख कोटींवर गेला. त्यात किमतींच्या वाढीचाही भाग आहे.

ही हानी मोठ्या प्रमाणात शेत, खळे, बाजार समिती आणि पहिली वाहतूक या टप्प्यांवर होते. गोदामांची आणि शीतगृहांची गुंतवणूक मात्र महानगरांच्या वेशीवर, महामार्गाच्या कडेला एकवटते. भिवंडीतील वातानुकूलित गोदामात आइस्क्रीम सुरक्षित राहते, पण शहापूर किंवा मुरबाडच्या शेतकऱ्याच्या भाजीला पहिल्या सहा तासांत सावलीही मिळत नाही. साखळीचे शेवटचे टोक मजबूत आणि पहिले टोक कमकुवत राहिले, तर नासाडी थांबत नाही.

काय करता येईल?

अनुदान वाढवा, ही मागणी सर्वात सोपी आहे. पण वरील विवेचन पाहता ती पुरेशी नाही. प्रथम भाताच्या साठवणुकीचा विचार करावा. गोदाम विकास व नियमन कायदा २००७ साली झाला. नोंदणीकृत गोदामात माल ठेवला की पावती मिळते आणि त्या पावतीवर बँक कर्ज देऊ शकते. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजनाही १९९० पासून आहे. १९५७ साली स्थापन झालेले राज्य वखार महामंडळ याच कामासाठी आहे. देशातील गोदामांच्या सर्वात मोठ्या केंद्रांपैकी एकाच्या सावलीत राहणाऱ्या भातउत्पादकाला चार पोती चार महिने ठेवण्यास जागा मिळू नये, ही गोष्ट योजनांच्या अभावाने घडत नाही. लहान साठा एकत्र करणारी संस्था गावात नाही, म्हणून ती घडते. सेवा सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी हे काम करू शकते. २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत सात वर्षे मिळते. तिचा उपयोग अशा गावपातळीवरील गोदाम आणि भातगिरणीसाठी प्राधान्याने व्हावा.

दुसरे, गोदाम क्षेत्राचे नियोजन करताना त्यात प्रक्रियेसाठी काही जागा राखून ठेवावी. तेथे पाणी, सांडपाणी शुद्धीकरण आणि तपासणी प्रयोगशाळा या तीन सामाईक सोयी द्याव्यात. लहान उद्योजकाला यंत्र घेणे जमते. या तीन गोष्टी एकट्याने उभारणे जमत नाही. तिसरे, लहान उद्योगांच्या अनुदानात बँकेच्या तारणाऐवजी खरेदीदाराशी झालेल्या कराराला अधिक महत्त्व द्यावे. भिवंडीत साठा ठेवणाऱ्या कंपन्यांनी परिसरातील गटांकडून पोहे, तांदळाचे पीठ किंवा मसाले ठरावीक दर्जाने घेण्याची हमी दिली, तर ती हमी बँकेलाही पुरेशी वाटावी. चौथे, प्रकल्पाच्या यशाची नोंद करताना शेतकऱ्याला मिळालेला दर आणि कामगारांना मिळालेले संरक्षण यांचाही उल्लेख अनिवार्य असावा.

करांच्या बाबतीत काही पावले पडली आहेत. जुलै २०२२ मध्ये पाकीटबंद व शिक्का असलेल्या तांदूळ-पिठावर ५ टक्के कर लागला, तेव्हा नाव कमावू पाहणाऱ्या लहान गिरणीवर आणि मोठ्या कंपनीवर तो सारखाच बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून फरसाण, सॉस, जॅम, लोणी, बिस्किटे अशा अनेक प्रक्रियायुक्त पदार्थांवरील कर ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे मागणी वाढण्यास मदत होईल. पण वाढलेल्या मागणीचा लाभ कोणाकडे जाईल, हे साखळीत कोणाचा वाटा किती यावरच ठरेल.

भिवंडीचा इतिहास पाहिला तर हे शहर नेहमीच दुसऱ्याच्या गरजेवर उभे राहिले. ब्रिटिश काळात येथून तांदूळ, सुकी मासळी, गवत आणि लाकूड मुंबईला जाई. नंतर यंत्रमागाचे कापड गेले. आता पाकीटबंद अन्न जाते. त्या पहिल्या व्यापारात निदान तांदूळ तरी येथल्या शिवाराचा होता. गोदामे ही आता या तालुक्याची वस्तुस्थिती आहे आणि ती राहणारच. त्यांच्या शेजारी भातगिरण्या, कोंड्याचे संकलन, पोह्यांच्या भट्ट्या आणि शेतकऱ्यांच्या कंपन्या उभ्या राहतील की नाही, हे मात्र धोरणाने ठरवायचे आहे. महामार्गालगतच्या जमिनी दरवर्षी कमी होत आहेत. एकदा शेवटचे खाचर भरावाखाली गेले की कोणत्याही योजनेला तेथे प्रक्रिया करण्यासाठी भात मिळणार नाही.